चळवळीनं नीना सिमोनला बुडवलं नाही

लिझ गार्बस यांचा ‘व्हॉट हॅपन्ड, मिस सिमोन?’ हा माहितीपट २०१५ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला आणि पुढच्या वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला. नीना सिमोन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेचं नाव कधी कानावरही न पडलेल्या असंख्य माणसांपर्यंत तिचा आवाज त्यामुळे गेला. आपल्याकडेही अनेक संगीतप्रेमींची तिच्याशी पहिली ओळख याच चित्रपटानं करून दिली. माझं भांडण तिथूनच सुरू होतं. या बाईचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: केवढी गुणी, पण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीमागे लागली आणि वाया गेली. असं म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. हा निष्कर्ष चित्रपटानंच त्यांच्या हाती दिला आहे.

तो कसा, ते पाहा. आधी दिसते पियानोवर विलक्षण हात चालवणारी मुलगी. मग ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’चं यश, न्यूयॉर्कजवळचं मोठं घर, तिचे व्यवहार सांभाळणारा नवरा, लहानगी लेक. मग १९६३ साल, तिचा संताप, हातातून निसटणारे कार्यक्रम, देश सोडून जाणं, आजार, युरोपातले एकटेपणाचे दिवस. गोष्टी या क्रमानं पडद्यावर आल्या की पाहणारा आपोआप आधीच्याला कारण आणि नंतरच्याला परिणाम समजतो. दिग्दर्शिकेला स्वतः काही म्हणावं लागत नाही. म्हणण्याचं काम अँडी स्ट्राउड करतो. तो नीनाचा नवरा आणि व्यवस्थापक. तिला आपण यशाच्या शिखराकडे नेत होतो आणि राजकारणानं ती वाट चुकली, असा त्याच्या जुन्या मुलाखतींचा सूर आहे. त्याला उत्तर देणारं चित्रपटात कुणी नाही.

उत्तर तारखांमध्ये आहे. ‘पोर्गी’ १९५९ साली अमेरिकेच्या पॉप यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्या यादीच्या पहिल्या चाळिसांत पोचलेलं तिचं ते एकमेव गाणं. ‘मिसिसिपी गॉडॅम’ हे वंशद्वेषाविरुद्धचं गाणं तिनं रचलं १९६३च्या सप्टेंबरात, आणि ते तबकडीवर आलं १९६४ साली. मधल्या चार वर्षांत तिला चळवळीची गायिका म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ती प्रेमगीतं गात होती, लोकगीतं गात होती, एकामागून एक तबकड्या काढत होती, आणि तरीही दुसरं ‘पोर्गी’ झालं नाही. जी लोकप्रियता राजकारणामुळे गेली म्हणतात, ती राजकारण येण्याच्या आधीच ओसरलेली होती. आता पुढची वर्षं बघा. ‘डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड’ १९६४चं. ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ आणि ‘फीलिंग गुड’ १९६५ची. आज जगभर नीना सिमोन म्हणून जे ऐकलं जातं त्यातलं बरंचसं ‘मिसिसिपी गॉडॅम’नंतरचं आहे. १९६८ साली ‘एन्ट गॉट नो, आय गॉट लाइफ’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, पुढच्या वर्षी ‘टू लव्ह समबडी’ पाचव्या. ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ तर सरळसरळ चळवळीचं गाणं. नाटककार लॉरेन हॅन्सबेरी ही तिची जिवाभावाची मैत्रीण १९६५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी कर्करोगानं गेली. तिच्या स्मरणार्थ केलेलं हे गाणं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठव्या क्रमांकावर चढलं. वाया गेलेल्या माणसाचा आलेख असा नसतो.

मग नुकसान झालंच नाही का? झालं, आणि मोठं झालं. दक्षिणेतल्या रेडिओ केंद्रांनी ‘मिसिसिपी गॉडॅम’ वाजवायला नकार दिला. एका ठिकाणाहून तर तबकड्यांचा आख्खा खोका परत आला, प्रत्येक तबकडी मधोमध मोडलेली. पण हे कुणी केलं? तबकड्या चळवळीनं मोडल्या नाहीत. त्या मोडल्या चळवळ ज्यांच्याविरुद्ध उभी होती त्यांनी. ‘राजकारणानं तिची कारकीर्द संपवली’ असं म्हटलं की मोडणारे हात दिसेनासे होतात आणि शिक्षा भोगणारीच गुन्हेगार ठरते. मारणाऱ्याचं नाव न घेता मार खाणाऱ्याला शहाणपण शिकवायची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

आणि नुकसानीची सुरुवात १९६३ साली झालेली नव्हतीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायन या छोट्या गावात २१ फेब्रुवारी १९३३ रोजी जन्मलेल्या युनिस वेमनला, म्हणजे पुढच्या नीना सिमोनला, व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक. आई मेथडिस्ट धर्मोपदेशक, आणि घर चालवायला गोऱ्यांच्या घरी काम करणारी. म्युरिएल मॅझानोविच या गोऱ्या शिक्षिकेनं मुलीला बाख शिकवला आणि तिच्या पुढच्या शिक्षणासाठी गावातून निधी उभा केला. दहा-अकरा वर्षांच्या युनिसचं गावच्या ग्रंथालयात वादन होतं तेव्हाचा प्रसंग तिनं आत्मचरित्रात सांगितला आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या आईवडिलांना गोऱ्या श्रोत्यांसाठी उठवून मागे नेलं गेलं. मुलीनं सांगितलं, त्यांना परत पुढे आणल्याशिवाय मी वाजवणार नाही. आणलं, मग तिनं वाजवलं. नीना सिमोनच्या आयुष्यात राजकारण केव्हा शिरलं, या प्रश्नाचं हे उत्तर आहे. तेव्हा तिला कुणी क्रांतिकारक भेटलेले नव्हते, कसली संघटना नव्हती. शेजारून आलेल्या विचारांनी तिचं डोकं फिरवलं, हा स्ट्राउडचा समज इथेच निकालात निघतो.

१९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटनं तिला प्रवेश नाकारला. आपण काळ्या म्हणून नाकारलं गेलो, असं ती मरेपर्यंत मानत होती. कर्टिसच्या बाजूनं याचा इन्कार झाला आहे. संस्थेतून त्याआधी कृष्णवर्णीय विद्यार्थी बाहेर पडले होते हेही खरं, संगीतकार जॉर्ज वॉकर १९४५ साली तिथून पदवीधर झाले. त्या एका परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या मनात काय होतं, यावर मी वाद घालणार नाही. पण प्रवेश मिळाला असता तरी पुढे कुठलं व्यासपीठ तिची वाट पाहत होतं? मॅरियन अँडरसनसारख्या गायिकेला १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिलं गेलं नाही, आणि मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर तिला पाऊल ठेवता आलं ते १९५५ साली, आवाजाची ऐन उमेदीची वर्षं उलटून गेल्यावर. त्या अमेरिकेत एका काळ्या मुलीला बाख आणि बीथोव्हन घेऊन शहरोशहरी हिंडायचं होतं. ‘राजकारणात पडली नसती तर’ असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, ‘तर’च्या पुढे नेमकं काय ठेवलेलं होतं? अटलांटिक सिटीतला मिडटाउन बार. १९५४ साली तिथे तिला नुसतं वाजवून चालेना, गायलाही हवं अशी मालकाची अट पडली, आणि धर्मोपदेशक आईला कळू नये म्हणून तिनं नाव बदललं. नीना सिमोन जन्मली ती अशी. सुखरूप, सरळ, निष्पाप कारकीर्द तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती, तर ती घालवणार कुठून?

आता स्ट्राउडबद्दल. न्यूयॉर्क पोलीस दलातला हा डिटेक्टिव्ह, १९६१ साली नीनाशी लग्न केलं, पुढे तिचा कारभार हाती घेतला. तो तिला मारायचा. चित्रपट हे लपवत नाही. तिच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रणांतून आणि डायरीच्या पानांतून ते सांगतो, आणि ती पानं वाचताना अंगावर काटा येतो. याचं श्रेय गार्बस यांना दिलंच पाहिजे. पण तोच माणूस काही मिनिटांनी पुन्हा येतो आणि तिच्या धंद्याचा जाणकार म्हणून बोलतो, तिच्या मित्रांना अतिरेकी ठरवतो, तिचं काय चुकलं ते समजावतो. त्याच्या बोलण्यावर कात्री तर चालत नाहीच, पण जवळपास तेच मत चित्रपटाचा कणा होऊन बसतं. हे मला सहन होत नाही. बायकोच्या कमाईवर ज्याचा संसार आणि धंदा दोन्ही उभे होते, त्यानं ती कमाई कशानं घटली याचा निवाडा करायचा, आणि आपण तो पुरावा म्हणून स्वीकारायचा? त्याला बोलू द्यायला हरकत नव्हती. पण त्याच्या समोर गिटारवादक अल शॅकमनला बसवून विचारायचं होतं की तुम्ही दोघं ही गाणी बसवत होतात तेव्हा खोलीत काय चाललेलं असायचं. शॅकमन चित्रपटात आहे. त्याला विचारलंय मात्र मुख्यतः तिच्या स्वभावाबद्दल आणि दुःखाबद्दल.

संगीताकडे झालेलं हे दुर्लक्ष माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा अपराध आहे. तिच्या गाण्यांचे लांबलचक तुकडे चित्रपटात आहेत आणि ते थरारक आहेत. पण चळवळीनं तिच्या संगीतात काय घडवलं, हे समजून घ्यायचा प्रयत्न कुठे दिसत नाही. चळवळ तिथे येते ती तिच्या भावना भडकवणारी घटना म्हणून. तिच्या कलेला नवं रूप देणारी शक्ती म्हणून ती येत नाही.

‘मिसिसिपी गॉडॅम’ घ्या. १२ जून १९६३ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, अकरा ते चौदा वर्षांच्या. बातमी ऐकून नीनानं घरात सापडेल त्या सामानातून बंदूक बनवायचा प्रयत्न केला. मग ती पियानोशी बसली आणि तासाभरात गाणं झालं. ही हकीकत चित्रपटात येते आणि पाहणारा म्हणतो, केवढा हा राग! पण ते गाणं नीट ऐका. त्याची चाल ब्रॉडवेच्या संगीतिकेची आहे, उड्या मारणारी, झपझप पळणारी. कार्नेगी हॉलमधल्या ध्वनिमुद्रणात ती श्रोत्यांना सांगते की ही एका संगीतिकेतली चाल आहे, संगीतिका मात्र अजून लिहिली गेलेली नाही. लोक हसतात. पुढे शब्द कळू लागतात तसं ते हसू विरत जातं. त्या तबकडीवर हे कानानं ऐकता येतं. करमणुकीचाच साचा उचलायचा आणि त्यातून करमणुकीला आलेल्या माणसाला जाब विचारायचा, ही कारागिरी आहे. विलक्षण भान असलेल्या, रंगमंचाची नस ओळखणाऱ्या कलावतीचं हे काम आहे. भान सुटलेल्या बाईच्या हातून असं गाणं होत नाही.

‘फोर विमेन’ १९६६चं. चार स्त्रिया, चार वेगवेगळ्या त्वचेच्या छटा, प्रत्येकीच्या पाठीशी गुलामगिरीचा वेगळा वारसा. खाली तोच संथ ठेका, जवळपास न बदलणारा. एकेक बाई येते, आपला रंग, आपले केस, आपली पाठ सांगते, आपलं नाव सांगते. चौथीचं नाव येतं ते किंचाळी होऊन. एवढ्या कमी सामग्रीत एवढा इतिहास बसवायला बाखच्या शिस्तीत वाढलेला मेंदू लागतो. आणि मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर तिसऱ्याच दिवशी, ७ एप्रिल १९६८ला, वेस्टबरीच्या कार्यक्रमात तिनं जे गायलं ते तिच्या बासवादक जीन टेलरनं त्या दोन-तीन दिवसांत रचलेलं होतं. गाताना ती मध्येच थांबते, गेलेल्या माणसांची नावं घेते, पुन्हा गाण्यात शिरते. गाणं, शोकसभा आणि भाषण यांच्यातली सीमा तिथे उरत नाही. असा संगीतप्रकार तिच्याआधी त्या व्यासपीठावर नव्हता, आणि चळवळीशिवाय तो झालाही नसता.

मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली १९७२ साली, आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा. संघटनेनं कवितेचा बळी घेतला असं तिथे कुणी म्हणू धजणार नाही. तरीही बाई गाणारी असली, परदेशातली असली आणि शेवटी आजारी पडलेली असली, की आपलीच जाण आपण बाजूला ठेवतो आणि ‘प्रचारकी’ हा शब्द पुढे सरकवतो.

आजाराबद्दल मला फार जपून बोलायचं आहे, कारण तो खरा होता. ऐंशीच्या दशकात तिला द्विध्रुवीय विकाराचं निदान झालं, औषधं सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही जवळच्या माणसांनी फार सोसलं. आईनं आपल्याला मारल्याचं लेक लिसा या चित्रपटातच सांगते, आणि तिच्या सांगण्यावर शंका घेण्याचा अधिकार मला नाही. पण ऐंशीच्या दशकातलं निदान चित्रपट मागे, साठच्या दशकावर, पसरत नेतो. त्या उजेडात तिचा प्रत्येक संताप लक्षण वाटू लागतो. मला विचारायचं आहे ते एवढंच: १९६३ साली शांत राहणं हे निरोगीपणाचं लक्षण होतं का? हळूहळू जा, धीर धरा, असं त्या वेळी कृष्णवर्णीयांना सांगितलं जात होतं आणि तिचं गाणं त्याच सल्ल्यावर तुटून पडतं. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटात पहिली शिक्षा झाली १९७७ साली. एव्हर्स यांच्या खुन्याला शिक्षा झाली १९९४ साली, एकतीस वर्षांनी. तिची अधीरता वास्तवाला धरून होती. उलट, धीर धरा म्हणणाऱ्यांचा अंदाज पुरता चुकला.

१९६९च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये झालेल्या सांस्कृतिक महोत्सवातलं तिचं सादरीकरण इथे बोलकं आहे. तिथे तिनं डेव्हिड नेल्सन यांची कविता वाचली. तुम्ही तयार आहात का, असं ती जमावाला विचारते, आणि प्रश्न हळूहळू हिंसेपर्यंत जातात. गार्बस यांच्या चित्रपटात हा क्षण उताराच्या वाटेवरचा एक टप्पा होऊन येतो, बाई आता हाताबाहेर चालली अशा अर्थानं. त्याच महोत्सवाचं बहुतेक चित्रीकरण पन्नास वर्षं धूळ खात पडलं होतं. ते घेऊन संगीतकार क्वेस्टलव्हनं २०२१ साली ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट केला. तिथे तिच्याबरोबर समोरचा जमावही दिसतो. पोरंबाळं घेऊन आलेल्या आया, म्हातारी माणसं, झाडांवर चढलेली मुलं. त्यांच्या आधी कोण गायलं, नंतर कोण येणार हे दिसतं. त्या जमावात ती एकटी पडलेली, भरकटलेली बाई वाटतच नाही. ती त्यांच्या मनातलं मोठ्यानं बोलते आहे. तेच सादरीकरण, तीच बाई. जमाव दाखवला की तिचा राग समाजाचा होतो, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच खिळवला की तोच राग तिच्या मनाचा विकार होतो.

यावर माझ्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा खुद्द नीनाचाच आहे. तिच्या नंतरच्या मुलाखती चित्रपटात आहेत. आता ती गाणी गाण्यात अर्थ उरला नाही, चळवळच उरलेली नाही, असं ती म्हणते. पहिली कृष्णवर्णीय शास्त्रीय पियानोवादक झाले असते तर अधिक सुखी झाले असते, असंही म्हणते. हे ऐकून लोक माझ्याकडे वळून म्हणतात, बघा, तिलाच पश्चात्ताप होता. पण ती नेमकं काय म्हणते आहे? पहिल्या बोलण्यात दुःख आहे ते चळवळ विखुरल्याचं. एव्हर्स, माल्कम एक्स, किंग मारले गेले, हॅन्सबेरी आणि लँग्स्टन ह्यूज वारले, उरलेले तुरुंगात किंवा परागंदा झाले. आपली माणसं गेली म्हणून रडणाऱ्या बाईला, आपण त्यांच्यात गेलोच का असा पश्चात्ताप होतोय असं समजायचं? आणि दुसरं बोलणं थेट १९५१ सालाकडे बोट दाखवतं. ज्या दाराबद्दल ती हळहळते ते तिनं गाणं रचण्याच्या बारा वर्षं आधी बंद झालेलं होतं. आपल्या तबकड्यांवर बहिष्कार घालून संगीताच्या धंद्यानं आपल्याला शिक्षा केली, असंही ती बोलून दाखवते. शिक्षा करणाऱ्याचं नाव तिनं स्वतः घेतलं आहे. चित्रपटानं तिचं दुःख जपून ठेवलं, पण तिनं ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्याकडे कॅमेरा वळवला नाही.

आणि नुकसान पैशांत मोजायचं असेल तर तेही मोजूया. तिच्या पहिल्या तबकडीसाठी बेथलेहेम कंपनीला तिनं सगळे हक्क सुमारे ३००० डॉलरना देऊन टाकले होते. तरुण, नवखी, कागदावर सही करून मोकळी झालेली. त्या तबकडीवर ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ होतं, एक हलकंफुलकं प्रेमगीत. त्यात राग नाही, मिसिसिपी नाही, कुणाला टोचेल असा एक शब्द नाही. १९८७ साली ते शनेल नंबर फाइव्हच्या जाहिरातीत वाजलं, ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, युरोपभर दुमदुमलं, आणि त्याचे हक्क तिच्याकडे नव्हते. दुसऱ्यांची तिजोरी सर्वांत जास्त भरणाऱ्या या गाण्यात तिनं चळवळीचं नावही घेतलेलं नव्हतं.